डोळे मिटता येतील असं यंत्र

माझे कान एका दिवसात गेले नाहीत. चाळिशीच्या आगेमागे ते हळूहळू कमी होत गेले, आणि मला पत्ता लागला नाही. कारण तोवर मी ओठ वाचायला शिकले होते, आणि शिकले आहे हेही मला माहीत नव्हतं.

आमचा फुलांचा धंदा. मखमलाबादच्या पुढे शेत आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पीक काढायचं, माल भरायचा हे माझे मिस्टर बघतात. पंचवटीतल्या फूलबाजारात विकायचं काम लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझ्याकडे आलं, कारण त्यांना घासाघीस जमत नाही आणि मला जमते. पहाटेच्या बाजारात एवढा गलका असतो की नीट ऐकू कोणालाच येत नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, बोटांकडे बघायचं आणि भाव तोडायचा. ही माझी हुशारी आहे असं सगळे म्हणायचे, मीही तसंच समजत होते.

मग मास्क आले. कोरोनाची बंदी उठून बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळ्यांची तोंडं झाकलेली होती. आमचा एक जुना हारवाला समोर उभा राहून काहीतरी विचारत होता आणि मी "काय? काय?" करत होते. शेवटी वैतागून त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाला, "वहिनी, शेवंती किती हाय म्हणतो मी."

ते मला स्वच्छ ऐकू आलं. त्यानं मास्क पुन्हा चढवला आणि आवाज गेला. मी तिथेच क्रेटवर बसले. इतकी वर्षं मी ऐकत नव्हते, बघत होते.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. नस कमजोर झाली आहे, परत यायची नाही, पण मशीननं काम चालेल, असं सांगितलं. दोन्ही कानांमागे मशीन बसली. मशीनमुळे आवाज मोठे झाले, पण शब्द सुटे होईनात. पंखा मोठा, ताटाचा आवाज मोठा, टेम्पोचा हॉर्न मोठा आणि माणसाचं बोलणं त्या सगळ्यात कालवलेलं. ओठ दिसले तरच अर्थ लागायचा. बाजारातून घरी येईपर्यंत डोकं दगड व्हायचं. मिस्टर जेवायला हाक मारायला आले की मी नुसता हात वर करायचे, म्हणजे आता बोलू नका. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. रात्री झोप उडाली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर ऐकण्याची मजुरी करताय. साधं ऐकू येणारी माणसं ज्यासाठी काहीच करत नाहीत, त्यासाठी तुमचा मेंदू राबतोय. त्याला रोज थोडी सुट्टी द्या. ध्यान शिकून बघा."

कॉलेज रोडला एका हॉलमध्ये ध्यानाचा वर्ग चालायचा. शिकवणारे गृहस्थ सज्जन, निवृत्त प्राध्यापक, आवाज अगदी मऊ. मऊ आवाज म्हणजे माझ्यासाठी मुका आवाज. तरी मी पहिल्या रांगेत बसले, म्हणजे ओठ दिसतील. त्यांनी सुरुवातीचं सांगितलं ते सगळं मला कळलं. मग त्यांनी डोळे मिटायची खूण केली. मी मिटले.

आणि मला भीती वाटली. ऐकू येणाऱ्या माणसाला हे समजणं अवघड आहे. त्यानं डोळे मिटले तरी खोली तिथंच असते. पंखा फिरतो, कोणी खोकतं, रस्त्यावरून रिक्षा जाते. माझी खोली डोळ्यांबरोबर मिटते. आमच्या शेडमध्ये एकदा मी क्रेट मोजत पाठमोरी उभी होते आणि टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता, मला काही नाही. मिस्टरांनी दंडाला धरून ओढलं तेव्हा गाडी अगदी अंगाशी होती. तेव्हापासून भिंतीला पाठ लावल्याशिवाय मी कुठे बसत नाही. आणि इथं हॉलच्या मधोमध, मागे तीस-चाळीस माणसं, डोळे मिटून बसायचं होतं.

तरी मी बसले. दात दाबून बसले. श्वास आत, श्वास बाहेर, जसं सांगितलं होतं तसं. बराच वेळ झाल्यासारखं वाटलं तेव्हा मी एक डोळा किलकिला केला. समोर सरांची गादी रिकामी होती. मागे वळून बघितलं तर हॉल रिकामा. नुसत्या सतरंज्या. सगळे व्हरांड्यात एकामागे एक हळूहळू चालत होते. चालण्याचं ध्यान सुरू झालं होतं आणि सांगितलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते.

मी व्हरांड्यात गेले तेव्हा सर कौतुकानं म्हणाले, "ताई, तुम्हाला उठवावंसं वाटलं नाही. फार खोल गेला होतात."

मी चप्पल घातली आणि बाहेर येऊन स्कूटीवर नुसती बसून राहिले. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. मला सुट्टी हवी होती ती कानांच्या कामातून, आणि ती सुट्टी घ्यायलाही कानच लागत होते. स्कूटी सुरू करता करता मी ठरवलं, ध्यान मी करणार. माझ्या अटींवर करणार.

पुण्याला असलेल्या लेकीला हे सांगितलं. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमचं बोलणं व्हिडिओवर होतं, ती बोलते ते खाली अक्षरांत उमटतं आणि चुकीचं उमटलं की आम्ही दोघी हसतो. ती म्हणाली, "आई, यासाठी हल्ली मशीन मिळतात. तू थांब, मी पाठवते."

चार-पाच दिवसांत पार्सल आलं. कपाळाला लावायची पट्टी होती. डोक्यातल्या विजेवरून मन शांत आहे की भटकतंय हे ती ओळखते, असं लेकीनं समजावलं. मन शांत झालं की मोबाईलमधून पक्ष्यांची किलबिल ऐकू येते, भटकलं की वाऱ्याचा आवाज वाढतो. पट्टीची दोन टोकं कानांच्या मागे टेकवायची होती. नेमकी तिथंच माझी कानाची मशीन. मशीन ठेवली तर पट्टी बसेना, पट्टी बसवली तर मशीन काढावी लागे. मशीन काढली की पक्षी गेले.

मिस्टर शेजारी बसून गंमत बघत होते. म्हणाले, "मी मोबाईल कानाला लावून बसतो. पक्षी बोलले की तुला सांगतो."

तेही करून बघितलं. मी डोळे मिटून बसायचे आणि पक्षी बोलला की ते माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायचे. टिचकी बसली की मी दचकायचे. दचकले की पक्षी उडून जायचे. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो, पण पट्टी मी त्याच दिवशी डब्यात भरली.

लेकीला वाईट वाटलं. "तू नीट वापरून तरी बघितलंस का? सगळीकडे चांगलं म्हणतात तिला," खाली अक्षरं उमटली.

"चांगलीच असेल. माझ्यासाठी नाही," मी म्हणाले. "परत घेतात तोवर परत कर."

मग तिनं मोबाईलवरचं ध्यानाचं ॲप सुचवलं. माझी कानाची मशीन मोबाईलला जोडता येतात, त्यामुळे आवाज थेट कानात येतो, मधे पंखा नाही की गाडी नाही. हे जमेल असं मलाही वाटलं. एका बाईंचा आवाज होता, स्वच्छ, सावकाश. शब्द कळत होते. मी भिंतीला पाठ लावून बसले. त्या म्हणत होत्या, खांदे सैल सोडा, जबडा सैल सोडा. आणि त्यांचा एकही शब्द सुटू नये म्हणून मी जबडा आवळून बसले होते. संपलं तेव्हा बाजारातून आल्यावर दुखतं तसं डोकं दुखत होतं.

ते दुखणं माझ्या फार कामाला आलं. मला नेमकं काय नको आहे ते त्या दिवशी कळलं. ऐकू येईल असं यंत्र मी शोधत होते, तिथंच चूक होती. मला ऐकावंच लागणार नाही असं यंत्र हवं होतं. आवाज नको. डोळे उघडे ठेवावे लागतील असा उजेड नको. मग उरला फक्त स्पर्श. त्याला नेट लागायला नको, कारण शेडमध्ये नेट येत-जात असतं. बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी जवळपास असायला हवं. आणि घरी नेऊन वापरून बघितल्याशिवाय मी ते घेणार नव्हते. फुलं विकणाऱ्या बाईनं फसून यायचं म्हणजे लाजच.

कॉलेज रोडलाच एक दुकान आहे. योगासनांच्या चटया, बसायच्या गाद्या, मालिशची यंत्रं, सुगंधी तेलं असं सगळं तिथं मिळतं. दुकान चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. मी गेले तेव्हा त्या माझ्याकडे पाठ करून फडताळातून एकेक वस्तू काढत बोलत होत्या. मी काउंटरवर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, मला ऐकू कमी येतं. माझ्याकडे तोंड करून बोला."

हे वाक्य मी त्याआधी कधी कोणाला म्हटलं नव्हतं. बाजारात तर नाहीच. तिथं कळलं की ही बहिरी आहे, तर भावात घोळ करतील अशी धास्ती होती. त्या दिवशी ते सहज तोंडून गेलं. बाई वळल्या, सॉरी म्हणाल्या, स्टूल ओढून समोर बसल्या.

त्यांनी आधी एक दिवा दाखवला. तो हळूहळू उजळतो, हळूहळू मंद होतो, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. दिसायला फार सुंदर. पण डोळे उघडे ठेवायचे म्हणजे माझं काम चालूच. मग मनगटावरचं घड्याळ दाखवलं, जे हलके ठोके देतं. त्यावर निरोपही येत होते, फोनही येत होते, शिवाय झोप किती झाली, पावलं किती झाली याची शाबासकी आणि रागवारागवी. मी ते काढून ठेवलं.

मग त्यांनी माझ्या तळहातावर एक गोटा ठेवला. नदीतल्या गुळगुळीत गोट्यासारखा, राखाडी. "हा थरथरतो. थरथरला की श्वास घ्यायचा, थांबला की सोडायचा. यात ऐकायचं काही नाही. डोळे मिटा आणि बघा."

मी डोळे मिटले. गोटा थरथरला आणि मी स्टुलावरून ताडकन उठून उभी राहिले.

"काय झालं?" बाई घाबरल्या.

मला हसू आलं. पहाटे बाजाराला उठायचं तर घड्याळाचा गजर मला ऐकू येत नाही. म्हणून उशीखाली मी एक चकती ठेवते, ती वेळेला थरथरते. बरीच वर्षं तीच मला उठवते. माझ्या अंगाला थरथर म्हणजे ऊठ, टेम्पो भरायचाय, हेच माहीत.

"तुमचा गोटा मला बाजारात पाठवतोय," मी म्हणाले.

बाईही हसल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय ते आता माझ्या लक्षात येतंय. माझ्याकडे आत्ता नाही. पण तुमचा नंबर द्या, मी बघते. फोन नाही करणार, मेसेज करते."

त्या मेसेजची मी वाट बघत बसले नाही. लेकीला कामाला लावलं, मी स्वतः मोबाईलवर शोधत राहिले. कुठे कुठे कंपन्यांना लिहून विचारलं. बहुतेकांची उत्तरं गोड आणि पोकळ आली. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की मला ऐकू येत नाही, तर त्यांनी उत्तरात ऐकायची लिंक पाठवली.

दिवाळी होऊन गेली. बाजार जरा थंडावला होता तेव्हा दुकानातल्या बाईंचा मेसेज आला: एक वस्तू आली आहे, येऊन जा.

ती एक उशी होती. लहान बाळाच्या लोडाएवढी, सुती खोळीची. पोटाशी धरायची. बाजूला एक बटण आणि एक फिरवायची कळ. बटण दाबलं की आत हवा भरते, उशी हळूच फुगते आणि मग तितक्याच हळू बसते. आवाज असेल थोडा, मला तो येत नव्हता. थरथर नव्हती. मी ती कुशीत घेतली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण पुन्हा डोळे मिटायचं धाडस दुकानात होईना. पण पोटाला कळत होतं. कोणीतरी शेजारी झोपलंय आणि निवांत श्वास घेतंय, असं ते वाटणं होतं.

"ही मी दोन-चार दिवस घरी नेते," मी म्हणाले.

"नाही हो ताई. हा एकच दाखवायचा नग आहे. घरी देता येत नाही, कंपनीचा नियम आहे."

"मी रोज गुलाब विकते. गिऱ्हाईक जुडी सोडून कळ्या उलगडून बघतं. मी नको म्हणत नाही, म्हणून ते पुन्हा माझ्याकडेच येतं."

"गुलाबाची गोष्ट वेगळी आहे."

"गुलाब उद्या सुकतो. ही मला काही वर्षं वापरायची आहे. मग जास्त बघायला नको का?" मी उशी काउंटरवर ठेवली नाही, कुशीतच धरली. "माझा पत्ता घ्या, ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. खोळीला डाग पडला तर ती माझी झाली. पण इथं स्टुलावर बसून मी हिला हो म्हणणार नाही."

बाईंनी खालच्या खणातून पिशवी काढली. "सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत," एवढंच म्हणाल्या.

घरी मिस्टरांनी पिशवीत डोकावून बघितलं. "उशीच ना ही? उशा काय कमी हायेत घरात?"

"त्या श्वास घेत नाहीत."

त्यांनी ती घेतली, पोटावर ठेवून आडवे झाले आणि मी चहा टाकून येईपर्यंत झोपले. त्यांचं मत मी धरलं नाही, ते टेम्पोच्या टपावरही झोपतात.

पहिल्या दिवशी मला जमलं नाही. उशीचा श्वास माझ्यापेक्षा लांब होता, मी मागे धावत राहिले आणि धाप लागली. बाजूची कळ फिरवून वेग बदलता येतो हे दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या श्वासाला जुळेल असा वेग लावला, मग रोज अगदी थोडा कमी करत नेला. खोलीचं दार लावून, भिंतीला पाठ टेकून मी बसू लागले. डोळे मिटले की पहिल्यासारखी खोली नाहीशी व्हायचीच. पण आता हातात काहीतरी उरायचं. अंधारात कोणी हात धरावा तसं.

पण दार लावून बसण्याएवढ्यासाठी मला ते नको होतं. रविवारी दुपारी मी उशी घेऊन शेडमध्ये गेले. मिस्टर आणि दोन बाया झेंडू भरत होत्या, टेम्पो बाहेर उभा होता. मी शेडच्या मधोमध खुर्ची ओढली. पाठीमागे भिंत नाही.

"इथं कशाला?" मिस्टर म्हणाले.

"इथंच. टेम्पो आत घ्यायचा असला तर घ्या. मी उठणार नाही, माझ्या बाजूनं घ्या."

"तुला काय वेड लागलंय का?"

"सांभाळून घ्या म्हणजे झालं."

मी डोळे मिटले. उशी फुगली, बसली, फुगली. काही वेळानं खुर्चीच्या पायांतून वर काहीतरी चढलं, खोल, जड घरघर. टेम्पो सुरू झाला होता. कानांनी मला हे कधीच सांगितलं नसतं, पायांनी सांगितलं. डोळे आपोआप उघडले. टेम्पो अजून दारात होता, मिस्टर हात करून ड्रायव्हरला वळण दाखवत होते, त्यांची एक नजर माझ्यावर होती. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. घरघर जवळ आली, माझ्या डाव्या बाजूनं गेली, थांबली. डिझेलचा वास आला. झेंडूचा वास आला. उशी फुगत होती, बसत होती. मी नंतर डोळे उघडले ते मला वाटलं तेव्हा.

संध्याकाळी मी कंपनीला मेसेज केला. कंपनी पुण्याजवळच होती, छोटीच. मी विचारलं, हिच्यात बिघडतं काय? उत्तर लगेच आलं. आतला हवेचा पडदा रबराचा आहे, वापरानं तो कधीतरी फाटतो. उशी आमच्याकडे पाठवली तर बदलून देतो. बॅटरीही बदलता येते, मोबाईल किंवा नेट लागत नाही. काहीच बिघडत नाही असं त्यांनी लिहिलं असतं, तर मी सोमवारी उशी परत करून मोकळी झाले असते.

सोमवारी मी दुकान उघडायच्या आत पायरीवर उभी होते. बाईंनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय ठरलं?"

"नवीन खोक्यातली द्या," मी म्हणाले. किंमत मनाला लागणारी होती, पण मी घासाघीस केली नाही. मिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

उशी घेऊन मी पुन्हा त्या वर्गाला गेले. सुरू व्हायच्या आधी सरांना गाठलं आणि सांगितलं की मागच्या वेळी मी खोल गेले नव्हते, मला काही ऐकूच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. मी म्हणाले, "आज काय काय करणार ते आधीच मला समोर बसून सांगा. मधे काही सांगायचं असेल तर माझ्यापुढे जमिनीवर हात आपटा. अंगाला हात लावू नका." त्यांनी ते मनापासून ऐकलं आणि पाळलं. अधूनमधून विसरतात. मग मी आठवण करून देते, आता त्याची लाज वाटत नाही. बाजारातही मी सांगून टाकलं. भावात घोळ करायचा एकानं प्रयत्न केला, तर शेजारच्या गाळ्यावरच्या बाईनं त्याला उभा-आडवा घेतला.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर उशी फाटली. म्हणजे आतला पडदा. झेंडूचा सगळ्यात मोठा हंगाम, पहाटेच्याही आधी बाजार, माणसांची रेटारेटी, डोकं दुपारपर्यंत दगड. आणि नेमकी तेव्हाच ती फुगेनाशी झाली. कुरियरचं मला धाडस होईना. लेक सुट्टीला आली होती, ती जाताना घेऊन गेली आणि स्वतः त्या कंपनीत गेली. तिथून तिनं व्हिडिओ लावला. दुरुस्त करून दिलेली उशी तिनं डोळे मिटून पोटाशी धरली होती, खाली अक्षरं उमटत नव्हती. मग तिनं डोळे उघडले. "आई, ही काहीच म्हणत नाही," अक्षरं आली.

"त्यासाठीच घेतली," मी म्हणाले.

उशी नव्हती त्या दिवसांत कितीतरी जणांनी मला सांगितलं की आता तुम्हाला सवय झाली, आता बिनयंत्राचं जमायला हवं, खरं ध्यान तेच. मी प्रयत्न केला. पोटावर नुसता हात ठेवून बसले. एखाद्या दिवशी जमलं, बाकी दिवस नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चष्मा लावणाऱ्याला कोणी म्हणत नाही की आता वाचायची सवय झाली, चष्मा काढून वाचा. मला ही उशी लागते. मी ती शोधून, पारखून घेतली आहे आणि पडदा पुन्हा फाटला तर पुन्हा बदलून आणीन.

आता दुपारी बाजारातून आल्यावर, कानांची मशीन काढून डबीत ठेवून, मी ओसरीवर बसते. रस्त्याकडे पाठ करून. परवा डोळे उघडले तेव्हा शेजारी चहाचा कप होता, वर साय धरलेली. कोण येऊन ठेवून गेलं, कधी गेलं, मला काही कळलं नव्हतं. मी तो आत नेऊन गरम केला आणि प्यायले.